प्रवासात वायफाय हवंय? आधी छताकडे बघा

नव्या ठिकाणी उतरल्यावर लोक वायफाय कसं शोधतात ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता दुरूनच ओळखते. हात उंच, फोन आकाशाकडे, पाय गोल गोल फिरतायत आणि अंगठा नेटवर्कची यादी पुन्हा पुन्हा खाली ओढतोय. मी उलटं करते. फोन खिशात ठेवते, मान वर करते आणि छत न्याहाळते.

सवयीचा भाग आहे. हॉटेलं, सभागृहं, वाचनालयं, प्रतीक्षालयं अशा ठिकाणी वायफायच्या डब्या बसवायच्या, त्यांच्या वायरी ओढायच्या आणि मग महिनाभर तक्रारी ऐकायच्या, हे माझं काम होतं. अकरा वर्षं शिडीवर गेली. आता माझं काम बदललंय आणि प्रवास वाढलाय, त्यामुळे पूर्वी जे दुसऱ्यांसाठी बसवलं ते आता स्वतःसाठी शोधत फिरते.

तर छत. बैठ्या ताटलीएवढी पांढरी, चपटी, गोल किंवा चौकोनी डबी शोधा. धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखी दिसते, पण आकाराने जरा मोठी आणि मधे बारीकसा दिवा. तो ॲक्सेस पॉइंट. दिवा विझलेला दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. खोल्यांमधले पाहुणे रात्री त्या दिव्याबद्दल कुरकुर करतात, म्हणून आम्ही कित्येकदा तो मुद्दाम बंद करून ठेवायचो, डबी मात्र चालू. छतावरची डबी लहरी खाली आणि बाजूला पसरवते, उघड्या छत्रीसारख्या. तेव्हा जिथून डबी सरळ डोळ्यांना दिसते आणि अंतर सात-आठ पावलांचं आहे, ती खुर्ची पकडा. माणसं खिडकीजवळची जागा धरतात, कारण मोबाइलच्या टॉवरला खिडकी लागते. वायफायचं तसं नाही, त्याचा टॉवर खोलीच्या आतच टांगलेला असतो.

मधे काय आलंय तेही बघा. लिफ्टचा खांब, लोखंडी कपाट, भिंतभर आरसा यांच्यामागे बसलात तर डबी चार हातांवर असूनही उपयोग नाही. धातू लहरी परतवतो, आणि आरशामागेही धातूचाच मुलामा असतो. पाणी लहरी शोषून घेतं. एका हॉटेलच्या दर्शनी भागातला मोठा माशांचा काचेचा हौद मी कधी विसरणार नाही. त्याच्या पलीकडच्या सोफ्यावर कुणाचंच नेट चालायचं नाही आणि मालक डबीला दोष द्यायचे. हौदाऐवजी शेवटी सोफा हलवला. मायक्रोवेव्ह भट्टीही वायफायच्याच एका पट्ट्यात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालते, त्यामुळे उपाहारगृहात तिच्या शेजारचं टेबल टाळलेलं बरं.

काड्या भरलेल्या, नेट मात्र नाही

फोनवरची वायफायची खूण, तो छोटा पंखा, पूर्ण भरलेला दिसला म्हणजे डबीचा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोचतोय, एवढंच. डबीच्या मागच्या वायरीत नेट आहे की नाही, असलं तर किती जणांत वाटलं जातंय, हे पंख्याला माहीतच नसतं. 

यादीत एकाच नावाची दोन नेटवर्कं दिसतात, एकाच्या शेपटीला ५ किंवा ५जी लिहिलेलं. त्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही; ते ५ गिगाहर्ट्‌झ. नियम सोपा आहे: डबी दिसत असेल तर ५ वर जा, दिसत नसेल तर २.४ वर. २.४ च्या लहरी भिंती ओलांडून लांब जातात, पण तिथे गर्दी फार. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल मोजून तीन, बहुतेक ठिकाणी १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या राउटरांनी तेच तीन वाटून घेतलेले असतात. ५ वर चॅनेल पुष्कळ, पण लहरी पहिल्या-दुसऱ्या भिंतीतच दमतात.

आणि गर्दी. याबाबतीत मी शिकले ते स्वतःच्या फजितीतून, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका सभागृहात आम्ही बारा डब्या बसवल्या. आदल्या रात्री रिकाम्या सभागृहात मी कोपऱ्याकोपऱ्यात बसून चाचणी घेतली, झकास. दुसऱ्या दिवशी चारशे माणसं आली आणि चहाच्या सुट्टीपर्यंत सगळं ठप्प. दोन गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, त्यामुळे खुर्च्या भरल्या की जणू चारशे छोटे हौद मधे येऊन बसतात. दुसरी चूक निखालस माझी. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, आणि मी जी साधी मांडणी ठेवली होती तिच्यात यंत्रांसाठी असे पत्ते होते २५३. चारशे माणसं, बहुतेकांकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही. पहिले आले त्यांना पत्ते मिळाले, उरलेले «आयपी पत्ता मिळवत आहे» हे वाक्य बघत बसले. पत्त्यांची मुदत मी चोवीस तासांची ठेवली होती, त्यामुळे उठून गेलेल्यांचे पत्तेही अडकून राहिले.

प्रवासी म्हणून यातून काय घ्यायचं? तुम्ही जोडले गेलात, पण लॅपटॉपच्या नेटवर्क तपशिलात पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही. तिथे पासवर्ड पुन्हा टाकून, फोन बंद-चालू करून घाम गाळू नका. दहा मिनिटांनी परत बघा, किंवा सरळ दुसरं नेटवर्क शोधा. आणि मोठं काम असेल तर गर्दीच्या आधी पोचा. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची कान देऊन थांबतात. कोपऱ्यातला लांबचा फोन सावकाश बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. म्हणून सकाळी उघडल्या उघडल्याचं वाचनालय आणि दुपारचं तेच वाचनालय यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कुठे मिळतं

माझ्या यादीत पहिला नंबर सार्वजनिक वाचनालयाचा. बसायला जागा, वीज, शांतता, स्वच्छतागृह, आणि काही विकत घे म्हणून कुणी मागे लागत नाही. सभासद नसलेल्यांना बऱ्याच ठिकाणी एका दिवसाचा कोड देतात. मिळतो का, हे काउंटरवर विचारल्याशिवाय कळत नाही. वाचनालय बंद असलं तरी वायफाय पुष्कळदा चालू असतं आणि बाहेरच्या पायरीवर, बाकावर मिळतं. बाहेर असं बसायला त्यांची हरकत नाही ना, एवढं दारावरच्या पाटीवर वाचून घ्या.

दुसरा नंबर संग्रहालयांचा, आणि हे फार लोकांना सुचत नाही. तिकिटाच्या आधीच्या दालनात बहुधा नेट असतं, कारण त्यांना तुम्हाला ध्वनिमार्गदर्शिका फोनवर उतरवून द्यायची असते. मग विमानतळ, मोठी रेल्वेस्थानकं, बोटींचे धक्के, मॉल, रुग्णालयांची प्रतीक्षालयं. रुग्णालयात नेटसाठी म्हणून मी मुद्दाम जात नाही. तिथली खुर्ची दुसऱ्या कुणाला जास्त गरजेची असते. हॉटेलात उतरला नसाल तरी दर्शनी भागात बसून काहीतरी प्यायलं आणि नम्रपणे विचारलं, तर बहुतेक ठिकाणी पासवर्ड देतात. विमानतळावर एक बारकावा: फुकट नेट अर्ध्या-एक तासात तोडणारे बरेच आहेत, तेव्हा महत्त्वाचं काम आधी, बातम्या नंतर.

विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक असाल तर तुमच्या खिशात एक हुकमी एक्का आहे, आणि तो वापरायचं बऱ्याच जणांना सुचतच नाही. एड्युरोम. युरोपातल्या विद्यापीठांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेली ही व्यवस्था आता शंभराहून जास्त देशांत आहे. आपल्या संस्थेचं लॉगिन दुसऱ्या संस्थेच्या आवारातही चालतं. पण ते आपल्या संस्थेत असतानाच फोनवर बसवून, एकदा जोडून बघून निघायचं. परक्या आवारात पोचल्यावर बसवायला गेलात तर त्यासाठीही नेट लागतं आणि मग कोंबडी आधी की अंडं. वापरनावात ॲट चिन्ह आणि त्यापुढचं संस्थेचं नावही पूर्ण लागतं; निम्मे लोक तिथेच अडकतात. ओपनरोमिंग नावाची तशीच व्यवस्था सर्वसामान्यांसाठी आहे: एकदा प्रोफाइल बसवलं की सहभागी विमानतळ, स्थानकं, हॉटेलं इथे फोन आपोआप आणि सुरक्षितपणे जोडला जातो, लॉगिन पान येत नाही. तीही घरी असतानाच बसवा. युरोपीय संघातल्या गावांमध्ये चौकात, बागेत वायफाय४ईयू असं नाव दिसलं तर ते युरोपीय संघाच्या मदतीने नगरपालिकांनी बसवलेलं फुकट नेट आहे.

निघण्याआधी शोधून ठेवायचं तर ओपनस्ट्रीटमॅपचा आधार घ्या. त्यात जागांना वायफाय आहे की नाही याची खूण लावता येते, आणि त्यावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमॲण्ड यांसारखी ॲप्स त्या भागाचा नकाशा फोनवर उतरवून ठेवतात. मग नेट नसताना नेट शोधता येतं. नुसत्या «फुकट वायफाय» ॲपच्या भरवशावर राहू नका. त्यातले पासवर्ड कुणीतरी टाकलेले असतात, बऱ्याचदा मालकाला न विचारता. नकाशे, तिकिटं, मुक्कामाचा पत्ता, ओळखपत्राची प्रत हे सगळं तर फोनमध्येच उतरवून घ्यायचं, नेटवर अवलंबून ठेवायचंच नाही.

थोडं विषयांतर. २००२ मध्ये लंडनमध्ये मॅट जोन्स यांनी वॉरचॉकिंग नावाची एक गंमत काढली होती. जिथे उघडं वायफाय सापडेल तिथे भिंतीवर किंवा फुटपाथवर खडूने खूण करायची: पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळं म्हणजे उघडं नेटवर्क, पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद. पूर्वी अमेरिकेत गावोगाव भटकणारे मजूर एकमेकांसाठी असल्या खुणा करून ठेवत, त्यावरून ही कल्पना. फार दिवस टिकली नाही, पण शिडीवर चढून डबी बसवताना मला कायम वाटायचं, खाली जमिनीवर ती दोन अर्धवर्तुळं काढून ठेवावीत.

ते लॉगिन पान येतच नाही

मला सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच यायच्या. «जोडलं गेलंय पण काही उघडत नाही.» 

आत काय चालतं ते समजलं तर निम्मा त्रास वाचतो. फोन वायफायला जोडला गेला की तो तुम्हाला न सांगता एक चाचणी घेतो. अँड्रॉइड गूगलच्या एका पत्त्यावर टकटक करतो आणि रिकामं उत्तर यायची वाट बघतो. ॲपलचा फोन ॲपलच्या पत्त्यावर जातो आणि «सक्सेस» एवढा एक शब्द परत यायला हवा असतो. मधल्या राउटरने ती टकटक अडवून स्वतःचं पान पुढे केलं, की फोनला कळतं, इथे दारावर रखवालदार आहे. आणि तो ते लॉगिन पान तुमच्यासमोर आणतो. हा रखवालदार फक्त साध्या, उघड्या चिठ्ठ्या अडवू शकतो. कुलूपबंद चिठ्ठी, म्हणजे एचटीटीपीएस, त्याने अडवली की ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. आजकाल बहुतेक सगळी संकेतस्थळं कुलूपबंद, म्हणून तुम्ही नेहमीचं पान उघडायला जाता आणि लॉगिन पानाऐवजी लाल पाटी किंवा नुसता पांढरा पडदा दिसतो.

म्हणून मी या क्रमाने जाते. व्हीपीएन, म्हणजे तुमची सगळी ये-जा एका कंपनीमार्फत कुलूपबंद नेणारं ॲप, चालू असेल तर आधी बंद. तो सगळ्याच चिठ्ठ्या कुलूपबंद करतो, रखवालदाराला काहीच दिसत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला (संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणारी सोय) हाताने एखादा पत्ता घालून ठेवला असेल तर तो तात्पुरता «आपोआप»वर आणायचा. मोबाइल डेटा बंद करायचा, नाहीतर फोन वायफायमध्ये नेट नाही असं ठरवून गुपचूप मोबाइलवर सटकतो. मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडायचं. हे पान मुद्दाम कुलूप न लावता ठेवलंय, याच कामासाठी. रखवालदार ते अडवतो आणि आपलं पान दाखवतो. तरीही नाहीच, तर नेटवर्कच्या तपशिलात राउटर किंवा गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो, बऱ्याचदा १९२.१६८ ने सुरू होणारा, तोच ब्राउझरमध्ये टाकायचा. शेवटचा उपाय, नेटवर्क विसरायला सांगून पुन्हा जोडायचं. लॅपटॉपवर एक वेगळंच कारण सापडतं: तारीख चुकलेली. बॅटरी पार उतरल्यावर घड्याळ मागे गेलेलं असतं आणि मग सगळीच कुलपं खोटी ठरतात.

लॉगिन पान छोट्या खिडकीत उघडलं असेल तर त्यातून बाहेर पडून ईमेलमधला कोड बघायला जाऊ नका. काही फोनांवर ती खिडकी बंद होते आणि वायफायही सुटतं. 

आता ओटीपीची गोष्ट. परदेशात रात्री अकरा वाजता एका हॉटेलात पोचले. सकाळपर्यंत एका इमारतीचा आराखडा पाठवायचा होता. लॉगिन पानाने मोबाइल नंबर मागितला, मी दिला, आणि ओटीपी काही येईना. येणार कसा? माझं रोमिंग बंद होतं. काउंटरवरच्या माणसाने तीनदा सांगितलं, «मॅडम, मेसेज येईल, थांबा.» मी अकरा वर्षं असलीच पानं बसवलेली बाई, पण त्या क्षणी मीही फोनकडे बघत थांबले! वीस मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला आणि विचारलं, «तुमच्याकडे छापील व्हाउचर असतील ना?» ड्रॉवरमध्ये गठ्ठा होता. हे लक्षात ठेवा: जिथे ओटीपीची पद्धत आहे तिथे बहुतेकदा ज्यांच्याकडे चालू नंबर नाही अशांसाठी कोडच्या चिठ्ठ्याही असतात. फक्त तो शब्द उच्चारावा लागतो: व्हाउचर, किंवा पाहुण्यांचा कोड.

एकदा लॉगिन केलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतंय? अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून, म्हणजे २०१९-२० पासून, फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) न देता एक बनावट पत्ता देतात. माग काढला जाऊ नये म्हणून ते चांगलंच आहे. पण रखवालदार तुम्हाला त्याच पत्त्यावरून ओळखतो, आणि फोनने तो बदलला तर तुम्ही त्याच्या लेखी नवे पाहुणे. मुक्काम चार दिवसांचा असेल तर तेवढ्या नेटवर्कपुरतं हे बदलणं बंद ठेवा.

माझ्या पिशवीत दोन वस्तू कायम असतात. एक हातभर नेटवर्कची वायर, लॅपटॉपला लावायच्या जोडणीसकट. जुन्या हॉटेलांत टेबलामागे किंवा टीव्हीच्या मागे वायरीचं भोक असतं, आणि सगळे वायफायवर भांडत असताना ते भोक रिकामं पडलेलं असतं. दुसरी वस्तू मुठीएवढा प्रवासी राउटर. तो हॉटेलच्या वायफायला एकदाच लॉगिन करतो आणि माझी सगळी यंत्रं त्याला जोडलेली राहतात. हॉटेलने एका खोलीला दोनच यंत्रं असा नियम केला असेल तर ही फार मोठी सोय. काही अँड्रॉइड फोनही घेतलेलं वायफाय हॉटस्पॉटमधून पुढे वाटू शकतात. राउटर घेण्याआधी आपला फोन वाटतो का ते तपासा.

कुणाचं आहे ते विचारा

फोन नेटवर्क ओळखतो तो नावावरून, आणि नाव कुणीही ठेवू शकतं. विमानतळाच्या नावापुढे «फ्री» लावून शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपल्या लॅपटॉपवरून तेच नाव पसरवू शकतो. म्हणून पाटी वाचा किंवा विचारा, आणि स्पेलिंग अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघा.

मात्र घाबरून जाण्याइतकं आता राहिलेलं नाही. २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं जोडसाधन जाहीर केलं. उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या सोशल मीडिया खात्यात एका क्लिकमध्ये शिरता यायचं. कंपन्यांना लाज वाटावी हाच हेतू होता, आणि पुढच्या वर्षांत मोठी संकेतस्थळं पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेली. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ अखेरपासून एचटीटीपीएसला लागणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केल्यावर छोटीही गेली. आज उघड्या वायफायवर बसलेल्या चोराला तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर गेलात ते कळेल, काय लिहिलंत ते नाही. अट एकच: ब्राउझरने प्रमाणपत्राची धोक्याची पाटी दाखवली तर «तरीही पुढे जा» दाबायचं नाही. लॉगिन पान कुठलं प्रमाणपत्र किंवा ॲप बसवायला सांगत असेल, किंवा फुकट नेटसाठी कार्डाचा नंबर किंवा ईमेलचा पासवर्ड मागत असेल, तर उठून निघायचं.

भिंतीवर लिहिलेल्या पासवर्डमुळे नेट सुरक्षित होतं हा गैरसमज आहे. पासवर्ड सगळ्यांना माहीत, मग डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या कुलपाची किल्लीही सगळ्यांकडे. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ते सुधारलंय, पण जुन्या डब्या अजून पुष्कळ छतांवर आहेत. बँकेचं काम मी मोबाइल डेटावरच करते. व्हीपीएन असेल तर लॉगिन झाल्यावर लावते. फुकटातल्या व्हीपीएनवर माझा विश्वास नाही. अनोळखी डबीऐवजी अनोळखी कंपनीच्या हातात सगळं देण्यात काय मिळवलं? विंडोजने «सार्वजनिक की खासगी» विचारलं की सार्वजनिक निवडा, म्हणजे शेजारच्या टेबलाला तुमची फोल्डरं दिसणार नाहीत.

कुणाच्या घरचं उघडं राहिलेलं राउटर सापडलं तर सोडून द्या. काही देशांत परवानगीशिवाय ते वापरणं गुन्हा आहे, आणि तसंही ते सार्वजनिक नाही. सार्वजनिक जागीही बाकीच्यांची थोडी कदर करा. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कला «मोजणी असलेलं» म्हणून खूण करा, आयफोनवर लो डेटा मोड लावा, विंडोजवर मीटर्ड. मग फोटोंची प्रत चढवणं, ॲपची अपडेट्स उतरवणं थांबतं. तुमचं नेट पळतं आणि शेजारच्याचंही.

चालत्या वाहनांचं थोडक्यात. रेल्वेतलं वायफाय म्हणजे बहुतेकदा टपावरच्या अँटेनाने पकडलेला मोबाइलचाच डेटा, डब्यातल्या सगळ्यांत वाटलेला. बोगद्यात मोबाइल मेला की तेही मेलं. तुमच्या फोनला बरी रेंज असेल तर तोच वापरा. विमानात मजकुरापुरतं ठीक, त्यापेक्षा जास्त मिळालं तर नशीब. जहाजावर पूर्वापार नेट येतं ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून. प्रश्न जाऊन उत्तर यायलाच जवळपास अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे बोलताना दोघंही एकमेकांवर आदळतात. जवळच्या कक्षेतले उपग्रह वापरणाऱ्या जहाजांवर हा त्रास खूप कमी. विमानात आणि जहाजावर, दोन्हीकडे फोन फ्लाइट मोडमध्ये टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, नाहीतर जहाजाचा स्वतःचा मोबाइल टॉवर तुम्हाला पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

घरी आल्यावर बॅग रिकामी करताना फोनमधली साठवलेल्या नेटवर्कांची यादी उघडा. माझ्यात एकदा सत्तर निघाली होती, त्यातली पाच बिनपासवर्डची, नावात «गेस्ट» असलेली, पाचही वेगवेगळ्या देशांतली. या पाचांपैकी एखाद्याच्या नावाची, पासवर्ड नसलेली डबी कुठेही दिसली की माझा फोन आपणहून तिला जाऊन चिकटणार. सगळी पुसली. घरचं आणि कामावरचं तेवढं ठेवलं.